मातीचा गणपती, मातीत परत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गच्चीवर दरवर्षी आषाढापासून शाडूची मूर्ती करायला शिकवण्याचे वर्ग भरतात. वर्गाला पंधरा-वीस माणसं येतात, पण प्रश्न विचारणारे फोन आणि निरोप त्याहून कितीतरी जास्त असतात, आणि ते अनंत चतुर्दशी उलटली तरी थांबत नाहीत. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे आहेत, पुढे जरा अडचणीचे. एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला की तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पर्यावरणपूरक गणपती म्हणजे नक्की काय? शाडूची मूर्ती आणली की झालं का?

अर्धं झालं. मूर्ती कशाची आहे हा पहिला प्रश्न. ती विसर्जनानंतर कुठे जाते हा दुसरा, आणि तो फारसं कुणी विचारत नाही. शाडूची मूर्ती तैलरंगाने रंगवून, चकाकी मारून, प्लॅस्टिकच्या माळांसकट नदीत सोडली तर नदीला तिचा त्रासच होतो. साधी, कमी रंगाची मूर्ती घरच्या बादलीत विरघळवून तीच माती पुढच्या वर्षी वापरली, तर मागे काहीच उरत नाही.

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला आपण जे करतो त्याचं नावच पार्थिव गणेशपूजन आहे. पार्थिव म्हणजे पृथ्वीचा, मातीचा. उत्तरपूजेच्या वेळी गुरुजी 'यान्तु देवगणाः सर्वे पूजामादाय पार्थिवीम्' म्हणतात, त्यातही हाच शब्द आहे. म्हणून मातीची मूर्ती करून ती मातीला परत देणं ही मला आजच्या काळासाठी केलेली तडजोड वाटत नाही. पूजाच मुळात तशी सांगितलेली आहे.

२. पीओपीला एवढा विरोध का? तीसुद्धा निसर्गातलीच वस्तू ना?

जिप्सम हा खनिज दगड साधारण दीडशे अंशांवर तापवला की त्यातलं बरंचसं पाणी निघून जातं आणि पांढरी भुकटी उरते. तेच प्लास्टर ऑफ पॅरिस. त्यात पाणी घातलं की ते काही मिनिटांत पुन्हा घट्ट जिप्सम होतं. त्यामुळे रबरी साच्यातून एका दिवसात ढिगाने मूर्ती निघतात. त्या हलक्या असतात, प्रवासात सहसा तुटत नाहीत आणि स्वस्त पडतात. मूर्तिकार पीओपीकडे वळले त्याला ही कारणं आहेत, आणि त्यांना नुसता दोष देऊन काही सुटणार नाही.

अडचण पाण्यात आहे. जिप्सम एक लिटर पाण्यात सुमारे दोन-अडीच ग्रॅम एवढंच विरघळतं. म्हणजे पंधरा लिटरच्या बादलीत फार तर तीस-चाळीस ग्रॅम. दोन किलोची मूर्ती बादलीत महिनोन् महिने तशीच बसून राहील. तलावाच्या तळाशी अशा हजारो मूर्ती साचतात, पाण्याचा जडपणा वाढतो आणि वरचे रंग हळूहळू सुटत राहतात. कच्ची माती पाण्यात फुटून गाळ होते. पीओपीचे तुकडे तुकडेच राहतात.

३. दुकानदार 'शाडूचीच आहे' म्हणतो. खरं-खोटं कसं ओळखायचं?

मूर्ती उलटी करून बूड पाहा. तिथे सहसा रंग नसतो. शाडूचं बूड राखाडी, थोडं खडबडीत दिसतं, पीओपीचं पांढरंफेक. बोट ओलं करून बुडावर घासा: शाडू पाणी पिते आणि बोटाला चिकट गाळ लागतो, पीओपी ओली होते पण घट्टच राहते. शाडूची मूर्ती त्याच उंचीच्या पीओपी मूर्तीपेक्षा चांगलीच जड असते. टिचकी मारली तर पीओपीचा पोकळ आवाज येतो.

एवढं करूनही फसायला होतं. एका वर्षी वर्गातलं एक कुटुंब वेळ न मिळाल्याने बाजारातून 'शाडूची' मूर्ती घेऊन आलं. बुडाला शाडू होती, आत पीओपी. चार दिवस बादलीत ठेवून काही झालं नाही तेव्हा त्या घरातल्या आजोबांचा फोन आला. आवाज रडवेला होता. त्यांना वाटत होतं की आपल्याच हातून काही चुकलं. म्हणून सांगते, शक्यतो मूर्ती घडताना पाहता येईल अशा ठिकाणाहूनच घ्या. पेणला किंवा जवळच्या हमरापूर, जोहे या गावांत जाणं जमत असेल तर आषाढातच जाऊन नोंदवून या. आपल्या गावातही एखादं मूर्तिकाराचं घर असतंच, शोधावं लागतं एवढंच. श्रावण संपताना गेलात तर उरलेल्या मूर्तींतूनच निवडायची वेळ येते.

४. शाडू गुजरातहून ट्रकने येते म्हणे. मग ती तरी कसली पर्यावरणपूरक?

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडची बहुतेक शाडू गुजरातमधून, भावनगरच्या बाजूने येते. ती जमिनीतून खणून काढावी लागते आणि एकदा खणली की तिथे पुन्हा तयार होत नाही. शिवाय हजारो मूर्तींची बारीक माती एकाच तलावात गेली तर पाणी गढूळ होतं, तळाशी थर बसतो आणि पाण्यातल्या जीवांना त्याचा त्रास होतो. शाडू नैसर्गिक आहे, पण म्हणून कितीही वापरावी आणि कुठेही टाकावी असं नाही.

यावर दोन उपाय मला खरे वाटतात. मूर्ती लहान घ्या. आठ-नऊ इंचांची मूर्ती घरच्या पूजेला पुरेशी आहे. आणि विसर्जनानंतरची शाडू परत द्या. पुण्यात 'पुनरावर्तन' नावाची मोहीम हेच काम करते: लोकांकडून विसर्जित शाडू गोळा करायची आणि मूर्तिकारांना पुन्हा वापरायला द्यायची. शाडू भाजलेली नसल्यामुळे कितीही वेळा भिजवून मळता येते. आमच्या वर्गातल्या एका पिंपातली माती सहा वर्षं तीच आहे, दरवर्षी थोडी भर घालतो. त्याच मातीतून आपला गणपती पुन्हा घडतोय हे कळल्यावर मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

५. घरी मूर्ती करायची आहे. शाडूच हवी का? बागेतली माती चालेल का?

चिकट असेल ती कोणतीही माती चालते. कुंभाराकडची चिकणमाती उत्तम. गोव्यात चवथीचे गणपती तिथल्याच चिकणमातीचे होतात, आणि तिथे पीओपीच्या मूर्तींवर २००८ पासून बंदी आहे. बागेतली माती असेल तर चाळून घ्या, पाण्यात कालवून खडे आणि मुळं खाली बसू द्या, वरचा गाळ दुसऱ्या भांड्यात ओतून कापडावर आटवा. मूठभर मातीची वळी करून बोटाभोवती गुंडाळून पाहा. फार तडे गेले नाहीत तर त्या मातीची मूर्ती होईल. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती वाळताना खूप आकसते आणि भेगाळते. तिच्यात थोडी बारीक वाळू मिसळावी.

पहिल्यांदा करत असाल तर पाट, मांडी घातलेले पाय आणि पोट हे एकसंध ठेवा. वेगळे जोडलेले हात सर्वात आधी गळतात. जोड लावताना दोन्ही बाजू काडीने चरे पाडून, पातळ मातीचा लेप लावून दाबा. आत तार घालू नका. सावलीत वाळवा, उन्हात तडे जातात. श्रावणातल्या दमट हवेत आठ-दहा दिवस तरी हाताशी ठेवा.

६. रंग कोणते वापरावेत? न रंगवलेली मूर्ती बरी दिसत नाही, घरच्यांना आवडत नाही.

गेरू, हळद, काव, मुलतानी माती, शुद्ध कुंकू. एवढ्यात सुंदर मूर्ती होते. पितांबराला हळद, उपरण्याला गेरू, डोळ्यांना काजळ किंवा दिव्याची काजळी. कुंकू बाजारातलं असेल तर जपून घ्या, बरंचसं कुंकू आता कृत्रिम रंगाचं असतं. हळदीला चुना लावून केलेलं कुंकू असेल तर उत्तम.

विकतची मूर्ती असेल तर निदान तीन गोष्टी टाळा: चकाकी, अंधारात चमकणारे रंग आणि वार्निश. पहिल्या दोन्हींमुळे पाणी खराब होतं. वार्निशमुळे तर मातीच विरघळत नाही, कारण पाणी आत शिरत नाही. आखणी, म्हणजे डोळे रेखणं, हे मात्र मूर्तिकाराचं कसब आहे, त्यात काटकसर करू नका. न रंगवलेल्या शाडूच्या अंगावर फक्त डोळे रेखलेली मूर्ती एकदा समईच्या उजेडात पाहा. आमच्या सासूबाईंचा विरोध तिथेच संपला.

७. कागदाच्या लगद्याचे, तुरटीचे, बियांचे, चॉकलेटचे गणपती मिळतात. त्यांचं काय?

एकेकाचं सांगते.

कागदाचा लगदा हलका असतो, म्हणून मोठ्या मूर्तीला सोयीचा. पण तो पाण्यात कुजतो आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू वापरतो. वर्तमानपत्राची शाई, डिंक, भरीला घातलेली पावडर हेही पाण्यात जातं. घरच्या बादलीत विसर्जन करून लगदा वाळवून पुन्हा वापरणार असाल तर ठीक. नदी-तलावात नको.

तुरटीचा गणपती पाणी शुद्ध करतो अशी जाहिरात असते. तुरटीने गढूळ पाणी निवळतं हे खरं, पण चिमूटभर तुरटीने. दोन किलो तुरटी बादलीत विरघळली की ते पाणी आम्लधर्मी होतं. झाडांना घालायचं तर खूप पातळ करावं लागतं.

बियांचा गणपती लाल मातीचा असेल आणि तुमच्याकडे कुंडी, ऊन आणि पुढे त्या रोपाला जमिनीत जागा असेल तर छान. कुंडीत वडाची बी लावून दोन वर्षांनी काय करणार, याचा विचार आधी करा. माठ, मेथी, झेंडू अशा लहान वनस्पतींच्या बिया बऱ्या.

चॉकलेटच्या मूर्तीबद्दल माझं मत प्रतिकूल आहे. ती दुधात विरघळवून वाटतात, हेतू चांगला असतो, पण दहा दिवस वातानुकूलित कपाटात ठेवायची मूर्ती घरगुती पूजेत मला बसवता येत नाही.

८. बादलीत विसर्जन शास्त्राला चालतं का? वाहत्या पाण्यातच करायला हवं असं घरात म्हणतात.

मी शास्त्री नाही, पण आमच्याकडे येणाऱ्या गुरुजींनी वर्षानुवर्षं हेच सांगितलं आहे: विसर्जन होतं ते उत्तरपूजेने. अक्षता वाहून मूर्ती जागेवरून किंचित हलवली की प्राणप्रतिष्ठेने आलेलं देवत्व परत गेलेलं असतं. त्यानंतर उरते ती माती, आणि ती पाण्यात सोडायची असते. त्या पाण्यात गंगा-गोदावरीचं आवाहन करायला कलशपूजेतला 'गंगे च यमुने चैव' हा श्लोक आहेच, तो बादलीपाशीही म्हणता येतो.

वडीलधाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा त्यांना विसर्जनाच्या वेळी पुढे बसवा. मिरवणूक अंगणातून बादलीपर्यंत काढा, आरती करा, खिरापत वाटा, नातवंडांना गुलाल नको तर फुलांच्या पाकळ्या द्या. ज्यांना नदीवर जायचंच आहे त्यांनी नदीकाठच्या हौदात विसर्जन करावं. बऱ्याच महापालिका असे हौद आणि कृत्रिम तलाव दरवर्षी करतात, काही ठिकाणी फिरते हौदही दारात येतात.

९. तीन दिवस झाले, मूर्ती बादलीत तशीच आहे. काय चुकलं?

हा प्रश्न दीड दिवसाच्या विसर्जनानंतर सर्वात जास्त येतो. आधी प्रश्न ३ मधली परीक्षा करून मूर्ती पीओपीची नाही ना हे बघा. शाडूचीच असेल तर दोन कारणं असतात.

एक, मूर्ती ओलसर होती. ऐकायला उलटं वाटेल, पण पूर्ण वाळलेली माती पाण्यात पटकन फुटते आणि ओलसर माती तशीच राहते. वाळलेल्या मातीच्या बारीक छिद्रांत हवा असते. पाणी आत घुसलं की ती हवा बाहेर पडते आणि माती पापुद्रे सुटून खाली बसते. ओल्या मातीत ती छिद्रं आधीच पाण्याने भरलेली असतात. म्हणून मूर्तीवर पाण्याचा अभिषेक करू नका, फुलाने किंवा दूर्वेने शिंपडा. घरी केलेली मूर्ती दीड दिवसांनी बादलीत टाकायची असेल आणि ती नीट वाळलेली नसेल, तर उत्तरपूजेनंतर दोन-तीन दिवस उन्हात ठेवून मग पाण्यात सोडा.

दुसरं कारण रंगाचा थर. बूड सोडून सगळीकडून रंग असेल तर पाण्याला वाट फक्त बुडातूनच मिळते, आणि तेच बूड बादलीच्या तळाला टेकलेलं असतं. दोन लहान विटा ठेवून त्यावर मूर्ती ठेवा, खालून पाणी शिरू द्या. पाणी मूर्तीच्या डोक्यावर चार बोटं असू द्या. मग ढवळू नका, हात लावू नका. न रंगवलेली, खणखणीत वाळलेली आठ इंची मूर्ती संध्याकाळी ठेवली तर बहुधा सकाळी गाळ झालेली असते. साच्यातल्या मूर्तीत मजबुतीसाठी काथ्या घातलेला असतो, तो शेवटी तरंगतो किंवा तळाशी राहतो. तो काढून वाळवा.

पाण्यात सोडण्याआधी मणी, टिकल्या, चिकटवलेलं धोतर, प्लॅस्टिकची फुलं सगळं काढून घ्या. सुती जानवं राहिलं तरी चालतं.

१०. उरलेला गाळ कुंडीत टाकला आणि झाड मेलं. असं का?

शाडू फार बारीक असते. कुंडीत तिचा थर दिला की मातीतल्या फटी बुजतात, पाणी साचतं, मुळांना हवा मिळत नाही. मूठभर शाडू कंपोस्ट आणि वाळूत मिसळली तर चालते, अख्खी मूर्ती एका कुंडीत नाही.

वरचं निवळलेलं पाणी झाडांना घाला. खालचा गाळ जुन्या सुती कापडात बांधून टांगून ठेवा, निथळला की गोळे करून वाळवा आणि डब्यात ठेवा. पुढच्या वर्षी हेच गोळे भिजवायचे किंवा मूर्तिकाराला द्यायचे. मूर्ती बाजारी रंगांची असेल तर तिचं पाणी भाजीपाल्याला आणि तुळशीला घालू नका.

११. घरात पीओपीची मूर्ती येऊन गेली आहे. आता काय करू?

अपराधी वाटून घेऊ नका. पूजा मनापासून करा आणि विसर्जन नदीत करू नका. पुढे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग अमोनियम बायकार्बोनेटचा. बेकरीत खुसखुशीतपणासाठी वापरतात तीच ही पावडर. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ही पद्धत घरगुती मूर्तींसाठी बसवून दिली आणि पुणे महापालिकेने ही पावडर नागरिकांना मोफतही वाटली आहे. तिच्या पाण्यात जिप्समचं रूपांतर खडूच्या भुकटीत, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटमध्ये होतं आणि पाण्यात अमोनियम सल्फेट उतरतं, जे खत म्हणून वापरतात. मूर्तीच्या वजनाइतकी पावडर लागते, म्हणजे दोन किलोच्या मूर्तीला दोन किलो. मूर्ती बुडेल एवढ्या पाण्यात ती कालवा, मूर्ती ठेवा, दोन-तीन तासांनी ढवळत राहा. साधारण दोन दिवसांत मूर्ती भुकटी होते. जमतील तेवढे रंग आधी खरवडून काढा, ते या पाण्याने नष्ट होत नाहीत.

हे काम बाल्कनीत किंवा गच्चीवर करा. अमोनियाचा वास उग्र असतो आणि वायूही सुटतो, म्हणून झाकण घट्ट लावायचं नाही. लहान मुलं, दमा असलेली माणसं आणि पाळीव प्राणी यांना लांब ठेवा. पाणी भरपूर पातळ करून शोभेच्या झाडांना किंवा हिरवळीला घाला.

दुसरा मार्ग मूर्तिदानाचा. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने 'विसर्जित गणपती दान करा' ही मोहीम अनेक वर्षं चालवली. सुरुवातीला तिला विरोध झाला. पुढे कोल्हापूरकरांनी पंचगंगेसाठी मूर्तिदान मोठ्या प्रमाणावर स्वीकारलं. दान घेणाऱ्यांना एकच प्रश्न विचारा: मूर्तींचं पुढे काय करता? समाधानकारक उत्तर मिळालं तरच द्या.

१२. कायदा काय म्हणतो? मोठ्या मूर्तींना सूट आहे का?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मे २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पीओपीच्या मूर्तींना मनाई आहे. अंमलबजावणी रखडत गेली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. जून २०२५ मध्ये न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती घडवायला परवानगी दिली, पण नैसर्गिक जलस्रोतांत विसर्जनाला दिली नाही. जुलै २०२५ मध्ये सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित कराव्यात असा आदेश झाला. त्याहून उंच मूर्तींना मार्च २०२६ पर्यंतच्या उत्सवांपुरती नैसर्गिक पाण्यात मुभा मिळाली. घरगुती मूर्ती सहा फुटांच्या आतच असते, त्यामुळे आपल्यासाठी अर्थ सरळ आहे: पीओपीचा गणपती नदी-समुद्रात सोडायचा नाही. दर वर्षी श्रावणात आपल्या महापालिकेची किंवा नगरपालिकेची सूचना एकदा वाचून घ्या.

१३. धातूची कायमची मूर्ती ठेवली तर?

अनेक घरांत हेच होतं. पितळेची किंवा चांदीची मूर्ती पूजेत, आणि तिच्याजवळ सुपारी किंवा मातीचा लहान गणपती, ज्याचं विसर्जन होतं. पार्थिव पूजेचा नेम असेल तर मातीचा तो चिमुकला गणपती ठेवाच. आमच्या ओळखीच्या एका घरात नात दरवर्षी लिंबाएवढा गणपती करते. एका तांब्याभर पाण्यात त्याचं विसर्जन होतं आणि ते पाणी दारच्या जास्वंदीला जातं.

गोव्यात काही घराण्यांमध्ये कागदावरच्या चित्राची किंवा पत्रीची पूजा होते. पोर्तुगीज राजवटीत उघडपणे मूर्ती पुजणं धोक्याचं होतं, तेव्हापासूनची ही रीत. विसर्जनाचा प्रश्न तिथे जवळजवळ उरतच नाही.

१४. एकवीस पत्री कुठून आणू? बाजारात कसलाही पाला देतात.

खरं आहे, आणि मला याचं फार वाईट वाटतं. मालती, माका, बेल, दूर्वा, बोर, धोत्रा, तुळस, शमी, आघाडा, डोरली, कण्हेर, रुई, अर्जुन, विष्णुक्रांता, डाळिंब, देवदार, मरवा, पिंपळ, जाई, केवडा, अगस्ती. ही यादी वाचली की लक्षात येतं, पावसाळ्यानंतर बांधावर, ओढ्याकाठी, अंगणात जे उगवतं त्याची ओळख करून देणारा हा पाठ आहे. देवदार तर हिमालयातला, तो आपल्याकडे मिळणार कुठून? विक्रीसाठी मात्र कोवळ्या फांद्याच्या फांद्या तोडून आणतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा ढीग रस्त्यावर पडलेला असतो.

प्रत्येकी एक पान पुरतं. जे मिळेल ते वाहा, जे मिळत नाही त्याच्या जागी दूर्वा किंवा अक्षता वाहतात. सोसायटीत जागा असेल तर बेल, शमी, डाळिंब, हादगा ही चार झाडं लावा. अगस्ती म्हणजेच हादगा, त्याच्या फुलांची भजीही होतात. चतुर्थीच्या आधीच्या रविवारी मुलांना घेऊन आघाडा आणि माका शोधायला निघा. मोकळ्या जागेच्या कडेला दोन्ही सापडतात.

१५. निर्माल्य गायीला घातलं तर चालेल ना?

नाही. कण्हेर, धोत्रा आणि रुई विषारी आहेत. कण्हेरीची थोडी पानंही जनावराच्या जिवावर बेतू शकतात. पत्री मिसळलेलं निर्माल्य कोणत्याही जनावरापुढे टाकू नका. नैवेद्याचं पान आणि फळांच्या साली वेगळ्या ठेवल्या तर त्या घालता येतील.

निर्माल्याचं खत उत्तम होतं. दोरे आणि प्लॅस्टिक काढून फुलं-पानं बारीक करा, बादलीत कोरड्या पाल्याचा थर, मग निर्माल्य, मग मूठभर जुनं कंपोस्ट असं रचत जा. दिवाळीपर्यंत ते बरंचसं मुरलेलं असतं. विषारी पानंही खतात कुजून जातात.

१६. थर्मोकोलच्या मखराला पर्याय काय?

महाराष्ट्रात थर्मोकोलच्या सजावटीवर २०१८ पासून बंदी आहे आणि १ जुलै २०२२ पासून देशभर. सजावटीसाठी घरातल्या साड्या, ओढण्या, बांबू, पुठ्ठा, कुंड्या पुरेशा आहेत. माझ्या डोळ्यांपुढे नेहमी गोव्यातली माटोळी येते: गणपतीच्या डोक्यावर टांगलेली लाकडी चौकट आणि तिला बांधलेली नारळ, सुपारी, काकड्या, भोपळे, रानातली नाना फळं. त्या घरातली माणसं कुठलं फळ कुठल्या डोंगरावर मिळतं ते सांगतात. उत्सव संपला की बरंच स्वयंपाकघरात जातं. लहान प्रमाणावर आपल्याकडेही करून पाहा.

१७. गौरींसाठी वेगळं काही करावं लागतं का?

फारसं नाही, कारण गौरींच्या जुन्या रीती मुळातच साध्या आहेत. खड्याच्या गौरी म्हणजे पाणवठ्यावरून न बोलता आणलेले पाच किंवा सात खडे, ते पाण्याकडेच परत जातात. कोकणात तेरड्याची गौर असते. उभ्या गौरींचे मुखवटे पिढ्यान् पिढ्या तेच वापरतात. नवीन मुखवटे घ्यायचे झाले तर पितळेचे किंवा मातीचे घ्या, आणि पोटात भरायला प्लॅस्टिकऐवजी जुन्या साड्या.

१८. सोसायटीच्या गणपतीत आवाज आणि कचरा कसा आवरायचा?

रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षात काही ठरावीक दिवस बारापर्यंत सवलत देतं. सभेत हे आकडे सांगण्यापेक्षा कुणाकडे तान्हं बाळ आहे, कुणाची शस्त्रक्रिया झाली आहे ते सांगा, लोक लगेच ऐकतात. प्रसादाला पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण, किंवा प्रत्येकाने घरून वाटी आणायची. आमच्या इमारतीत वाटीची पद्धत पहिल्या वर्षी कुणाला रुचली नाही. आता ज्याला त्याला आपली वाटी आठवते.

१९. आम्ही परदेशात आहोत. इथे माती कुठली घ्यायची?

कुंभारकामाच्या दुकानातली नैसर्गिक माती घ्या, भट्टीत भाजण्यासाठी विकतात ती. न भाजता ती शाडूसारखीच विरघळते. 'हवेत वाळणारी माती' म्हणून जी मुलांसाठी मिळते तिच्यात बरेचदा कृत्रिम चिकट द्रव्य किंवा धागे असतात आणि ती पाण्यात सुटत नाही. पाकिटातल्या मातीची गोळी वाळवून ग्लासभर पाण्यात टाकून आधी पाहा.

भारतातून मूर्ती किंवा पत्री नेण्याआधी त्या देशाचे नियम बघा. ऑस्ट्रेलियासारखे देश माती, बिया आणि ताजी पानं आणू देत नाहीत. तिथल्या तळ्यात परवानगीशिवाय विसर्जन करू नका, प्रश्न ९ मधली बादलीच बरी.

२०. गावाकडे आम्ही ओढ्यात विसर्जन करतो. सगळे गणपती मातीचेच असतात. तरी चुकीचं?

वीस-पंचवीस घरांचे न रंगवलेले, गावच्याच मातीचे लहान गणपती पावसाळ्यातल्या भरल्या ओढ्यात गेले तर ओढ्याचं फारसं काही बिघडत नाही. आपल्या आजोबांच्या काळी हेच होतं आणि तेव्हा ते बरोबरच होतं. फरक रंगांनी आणि संख्येने पडतो. बाजारातली रंगवलेली मूर्ती असेल, किंवा ओढ्याच्या जागी आता साचलेलं डबकं असेल, तर बादली वापरा. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत मात्र कोणतीच मूर्ती सोडू नका, मातीचीही नाही.

२१. शाडूची मूर्ती आणताना हात तुटला. अपशकुन का? नवीन आणावी का?

प्राणप्रतिष्ठा होण्याआधी ती माती आहे, आणि माती जोडता येते. तुटलेल्या दोन्ही कडा किंचित ओल्या करा, थोडी शाडू पाण्यात सायीसारखी कालवून लावा, जोडा, सावलीत वाळू द्या. शाडू नसेल तर बुडाचीच चिमूटभर खरवडून घ्या. रंग गेला असेल तर हळदीचं बोट पुरेल.

पूजेनंतर तडा गेला तर घाबरून जाऊ नका. आमचे गुरुजी अशा वेळी अक्षता वाहून उत्तरपूजा करायला आणि मूर्तीचं विसर्जन करायला सांगतात. दिवस लवकर आला एवढंच. एकदा आमच्याच घरी तिसऱ्या दिवशी सोंड निखळली होती. मुलीने रडत रडत बादली भरली, आणि पुढच्या आषाढात त्याच मातीचा पहिला गणपती तिने स्वतः केला.